शून्य पूर्णांक सहा टक्के

कातळखोलच्या दवाखान्यात संगणक एक होता, त्यावर ब्राउझर तीन होते, आणि तिन्हींतला चालणारा एकच होता. पहिला संगणकाबरोबर आलेला. दुसरा कुठल्याशा प्रिंटरच्या सीडीतून न विचारता आत शिरलेला. तो उघडला की फक्त हवामान दाखवायचा, तेही नागपूरचं. तिसरा एका इंजिनिअरने मोठ्या हौसेने घालून दिलेला. त्याच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली की वाळूचं घड्याळ यायचं, थोडं थांबायचं आणि जायचं. चालणारा होता तो पहिला. त्याच्या डोक्यावर शोधपट्ट्यांच्या चार ओळी एकीखाली एक बसल्या होत्या आणि प्रत्यक्ष पान दिसायला उरलेली जागा मी हाताने मोजली, तर ती वीतभरसुद्धा भरली नाही.

"बघा, दाबतो हां," तेंडोलकर म्हणाले.

त्यांनी 'जतन करा' हे बटण दाबलं. काही झालं नाही. चूक दाखवणारा निरोप नाही, लाल अक्षरं नाहीत, काहीच नाही. भरलेलं पान भरलेलंच राहिलं.

"परत दाबतो."

"नको, कळलं."

"नाही, तुम्ही एवढ्या लांबून आलात. बघून घ्या." त्यांनी आणखी तीनदा दाबलं. "तुमच्या सरांना फोनवर सांगितलं तर ते म्हणतात, नीट दाबा. आता हे अजून नीट कसं दाबायचं, ते तुम्ही दाखवा. त्यासाठीच पाठवलंय ना तुम्हाला?"

मला खरोखरच जवळपास त्यासाठीच पाठवलं होतं. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून कोल्हापूरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते आणि अजून वर्ष व्हायचं होतं. सह्यकिनारा आरोग्य न्यास नावाच्या संस्थेचे डोंगरपट्टीतल्या खेड्यांत अडतीस दवाखाने होते. कुठल्या दवाखान्यात कोणतं औषध किती वापरलं, हे आठवड्याला भरायचं वेब अ‍ॅप्लिकेशन आमच्या कंपनीने केलं होतं. वापर जास्त तिकडे औषध जास्त पाठवायचं, वापर नाही तिथून काढून घ्यायचं, हे आदेशही तेच काढायचं. न्यास खूश होता. फक्त कातळखोलचे औषधनिर्माते वासुदेव तेंडोलकर दर महिन्याला पत्र पाठवत की बटण चालत नाही.

आमचे दाबकेसर ती पत्रं वाचून दाखवत आणि आकडेवारीचं पान उघडत. अ‍ॅप्लिकेशनमध्ये कोण कोणत्या ब्राउझरमधून येतं, हे मोजणारा गणक आम्ही पानातच बसवला होता. जुन्या ब्राउझरमधून येणारे शून्य पूर्णांक सहा टक्के. "शून्य पूर्णांक सहा टक्क्यांसाठी मी काम थांबवू?" सर विचारत. त्यांनी तोडगाही काढला होता. येत्या सोमवारपासून जुन्या ब्राउझरमधून कोणी आलं, तर अ‍ॅप्लिकेशनऐवजी एक पांढरं पान दिसणार होतं: आपला ब्राउझर जुना झाला आहे, कृपया अद्ययावत करा. त्याआधी एकदा जाऊन कातळखोलचा ब्राउझर अद्ययावत करून ये, म्हणजे पत्रं थांबतील, असं सांगून त्यांनी मला शनिवारी सकाळच्या एस.टी.त बसवलं होतं.

"आपण हा काढून नवा ब्राउझर घालू," मी म्हणाले.

"तो तिसरा नवाच आहे."

"तो चालत नाही, कारण तुमच्या संगणकाची मूळ प्रणालीच जुनी आहे. आधी ती बदलावी लागेल."

"बदला की. पण ते काय म्हणेल?" तेंडोलकरांनी खोलीच्या कोपऱ्याकडे हनुवटी केली. तिथे औषधांचा फ्रिज होता. फ्रिजच्या पाठीमागून एक करडी वायर निघून, भिंतीवरच्या खिळ्याला एक वेढा घालून, संगणकाच्या मागच्या खाचेत गेली होती.

"ते काय आहे?"

"फ्रिजचं तापमान लिहून ठेवणारं यंत्र. दर पंधरा मिनिटांनी लिहितं. त्याचा प्रोग्राम फक्त ह्या जुन्यावरच चालतो. कंपनीला विचारलं तर कंपनीच बंद पडलेली. तुम्ही प्रणाली बदलली की ते बंद. ते बंद झालं की तापमानाची नोंद नाही. नोंद नाही तर नियमाप्रमाणे आतली सगळी इंजेक्शनं पुरून टाकायची. आत सापाची लस आहे." ते थांबले. "बदलताय?"

मी खुर्ची मागे सरकवली. तापमानाचं यंत्र जुन्या संगणकाशिवाय चालत नव्हतं, आमचं पान जुन्या संगणकावर चालत नव्हतं, आणि दोन्ही एकाच संस्थेने एकाच टेबलावर ठेवलं होतं. हे ज्यांनी ठरवलं त्यांच्यापैकी कोणीही ह्या खोलीत आलेलं नव्हतं.

मी माझा लॅपटॉप काढला, संगणकाची इंटरनेटची वायर उपसून त्याला लावली आणि आमचं पान उघडलं. ते झकास चाललं. चाचणीच्या खात्यातून बटण दाबताच हिरवी बरोबरची खूण आली.

तेंडोलकर माझ्या खांद्यावरून बघत होते. "अरे वा. म्हणजे तुमच्यावर चालतं."

"हो."

"मग हाच इथे ठेवून जा. मी तुम्हाला पावती देतो."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी दाबकेसरांना फोन करायला मोबाइल काढला, पण त्याला रेंज नव्हती. दवाखान्याचा फोन खिडकीतल्या फडताळावर होता आणि त्याची वायर एवढी आखूड की बोलताना पडद्याकडे पाठ व्हायची. मी रिसीव्हरला हात घातला.

"थांबा, मॅडम. पाच मिनिटं. आज शनिवार, माझी वेळ आहे," असं म्हणून तेंडोलकरांनी रिसीव्हर माझ्या हातातून जवळजवळ काढूनच घेतला आणि नंबर फिरवला. "कोण, बाबल? जेवलंस मा? बरां, लिही. बाईमाणूस, वय छत्तीस. फुरसां चावलां. होय, काजीच्या बागेत, पाल्यात हात घातल्यान. दहा कुप्यो. बॅच बावीस. मंगळवारची तारीख घाल. बरी आसा, परवा घराक गेली. आता पॅरासिटामॉल लिही…"

मी फडताळाशी उभी राहून ऐकत होते. त्यांनी पॅरासिटामॉलपासून कापसापर्यंत सगळं सांगितलं आणि फोन ठेवला.

"हे कोण?"

"बाबल गावडे. खाली शिरवड्याच्या दवाखान्यात माझ्यासारखाच. त्याचा संगणक नवा आहे, त्याच्याकडे तुमचं बटण चालतं. तो टाकतो माझं."

"कधीपासून?"

"तुमचं हे सुरू झाल्यापासून. दोन वर्षं होतील."

"आणि ते कातळखोलच्या नावावर कसं टाकतात? त्यांचा पासवर्ड तर शिरवड्याचा."

"शिरवड्याच्याच नावावर टाकतो," तेंडोलकर म्हणाले. "नावाचं काय घेऊन बसलात? औषध एकाच न्यासाचं. तो तिथे वापर दाखवतो, न्यास त्याला तेवढं औषध पाठवतो, तो माझा वाटा दुपारच्या एस.टी.ने वर पाठवतो. सापाची लस असली तर बर्फाच्या डब्यात. कंडक्टर ओळखीचा. आजपर्यंत एक कुपी फुटलेली नाही."

दोन वर्षं अ‍ॅप्लिकेशनमध्ये कातळखोलसमोर शून्य दिसत होतं. सर ते शून्य दाखवून म्हणत, बघा, तक्रारी सगळ्यात जास्त आणि वापर काहीच नाही. शिरवडे मात्र यादीत कायम वर. तालुक्याच्या रस्त्यावरचं, डांबरी सडकेचं, बाजाराचं गाव, आणि तिथे माणसांना सर्वांत जास्त फुरशी चावतात, ह्याचं कोणालाच नवल वाटलेलं नव्हतं.

"तेंडोलकर, अहो, पण सिस्टीमला असं वाटतं की इथे औषध लागतच नाही."

"सिस्टीमला काय वाटायचं ते वाटू दे."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

न्यासाची पांढरी जीप होती. ड्रायव्हर उतरला, त्याने मागून थर्माकोलचं मोठं खोकं काढलं आणि ते डोक्यावर घेऊन आत आला. रुझार त्याचं नाव. पन्नाशीचा, बारीक, आणि मोठा शिस्तीचा, हे पुढे कळलं.

"तेंडोलकरांनु, फ्रिज उघडा. आदेश आसा." त्याने खिशातून छापील कागद काढला. "सापाच्या लसीच्यो चाळीस कुप्यो, शिरवड्याक पोचवूच्यो. ह्या केंद्रातला साठवण आजपासून बंद."

कागदाच्या खाली आमच्या अ‍ॅप्लिकेशनचं नाव होतं. सलग आठ तिमाही वापर शून्य, म्हणून साठा जास्त वापराच्या केंद्राकडे वर्ग. तो नियम लिहिताना कंपनीत सगळ्यांना फार आवडला होता.

तेंडोलकरांनी कागद दोनदा वाचला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मॅडम, पंधरा दिवसांत पाऊस येईल. नदीवरचा कॉजवे बुडला की वरची सात गावं अडकतात. एस.टी. बंद. माणूस खाली नेता येत नाही आणि बाबलला डबा वर पाठवता येत नाही. फुरसं चावलं की रक्त गोठायचं बंद होतं. हिरड्यांतून यायला लागतं. हे तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचंच यंत्र आहे."

"फ्रिज उघडा मा," रुझार म्हणाला. "बर्फ वितळता."

"डॉक्टर फिरतीवर आहेत. ते येईपर्यंत…"

"डॉक्टरांची सही लागणा नाय. आदेश संगणकाचो आसा."

तेंडोलकरांनी कुलूप काढलं. रुझारने खाली बसून एकेक खोकं बाहेर घेतलं, कागदाशी ताडून पाहिलं, चष्मा पुसून परत ताडून पाहिलं आणि सगळं पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून दिलं.

"ह्या काय? आदेशात बॅच सतरा, कुप्यो चाळीस. हयसर बॅच बावीस, कुप्यो तीस." तो उठला. "जुळणा नाय. माका नेवूक गावाचा नाय."

तेंडोलकरांनी सुटकेचा श्वास सोडला, तो फार लवकर सोडला. रुझारने आखूड वायरीच्या फोनवरून भांडाराला कळवलं आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. भांडारप्रमुख पाटकरमॅडमचा आवाज एवढा मोठा होता की मला उभ्या जागी ऐकू येत होता.

"तेंडोलकर, सतरा नंबरच्या चाळीस कुप्या तुमच्याकडे दिल्यात. वापर शून्य. त्या फ्रिजमध्ये नाहीत, मग आहेत कुठे?"

"वापरल्या, मॅडम."

"कोणासाठी? एकही रुग्ण नोंदवलेला नाही."

"नोंदवलेत. बाबलने… म्हणजे गावडेंनी शिरवड्यातून…"

"शिरवड्यातून कातळखोलचे रुग्ण? आणि बावीस नंबरची बॅच मी शिरवड्याला पाठवली होती, ती तुमच्या फ्रिजमध्ये काय करते? तेंडोलकर, ह्याला काय म्हणतात ठाऊक आहे ना? मी चौकशी लावते. तुम्ही दोघेही सोमवारी इथे या, आणि वकिलाला आणायचं तर आणा."

तेंडोलकरांनी रिसीव्हर कानापासून दूर धरला आणि माझ्याकडे पाहिलं. तेवीस वर्षांची नोकरी होती त्यांची, हे त्यांनी मला आल्याआल्या चहा देताना सांगितलं होतं. मी फोन घेतला, माझं नाव सांगितलं, कुठली ते सांगितलं.

"मॅडम, ते खरं सांगताहेत. तुम्हाला पडताळून पाहता येईल. सतरा नंबरची बॅच तुम्ही शिरवड्याला कधी पाठवली होती का?"

"नाही. ती कातळखोललाच होती."

"मग शिरवड्याच्या वापरात सतरा नंबरच्या कुप्या दिसायलाच नकोत. दिसल्या, तर त्या इथे वापरल्या गेल्या आणि नोंद तिथे झाली. मी आमच्या सरांना आत्ता बघायला सांगते. दहा मिनिटं द्या."

"दहा," पाटकरमॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दाबकेसरांनी फोन उचलला तेव्हा मागे टीव्हीवर क्रिकेट चाललं होतं.

"झालं का अपडेट?"

"होणार नाही. कारण नंतर सांगते. सर, शिरवड्याच्या वापरात सतरा नंबरच्या बॅचच्या किती कुप्या आहेत, ते बघा."

"आज शनिवार आहे, शर्वरी."

"इथल्या औषधनिर्मात्यावर चोरीचा आळ आलाय, सर. आपल्या शून्यामुळे."

ते पुटपुटले, पण क्रिकेटचा आवाज बंद झाला. कळफलक वाजला.

"चाळीस," सर म्हणाले. "पण ही बॅच शिरवड्याला पाठवलेलीच नाही. न पाठवलेल्या कुप्या वापरल्याची नोंद सिस्टीमने घेतली कशी?"

"ते तुम्ही मला सांगायचं, सर."

त्यांनी ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "पण हे लोक स्वतः का भरत नाहीत? एक बटण तर दाबायचं."

मग मी आखूड वायर जेवढी ताणता येईल तेवढी ताणून, मान वळवून, पडद्याकडे बघत त्यांना सगळं सांगितलं. पानाची सगळी हुशारी आम्ही एका स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरने ओळीमागून ओळ पाळायच्या सूचनांत, कोंबली होती. त्या स्क्रिप्टच्या चौथ्या ओळीत लिहिण्याची एक नवी पद्धत वापरली होती, ती जुन्या ब्राउझरला कळत नव्हती. न कळलेली ओळ सोडून पुढे जावं, हा त्याचा स्वभाव नव्हता. तो सगळी स्क्रिप्टच टाकून द्यायचा. आणि आमचं बटण हे बटण नव्हतंच. ते बटणासारखं रंगवलेलं चौकोनी चित्र होतं. स्क्रिप्ट नसली की नुसतं चित्र.

"बरं, पण असे किती लोक आहेत? शून्य पूर्णांक सहा…"

"सर, तो गणक कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? पानात."

"पानात कुठे?"

गणक त्याच स्क्रिप्टमध्ये होता. ज्यांच्याकडे स्क्रिप्ट चालत नव्हती, ते आले तरी मोजलेच जात नव्हते. ज्यांच्याकडे कशीबशी चालत होती, तेवढेच शून्य पूर्णांक सहा.

"सर्व्हरवरची कच्ची नोंद काढा," मी म्हणाले. "तिच्यात प्रत्येक येणाऱ्याच्या ब्राउझरचं नाव असतं, स्क्रिप्ट चालो न चालो. मी पाटकरमॅडमना फोन करते."

पाटकरमॅडमनी चाळीसचा आकडा ऐकून घेतला. मला वाटलं होतं त्या मवाळ होतील.

"म्हणजे चोरी नाही, मूर्खपणा आहे," त्या म्हणाल्या. "ठीक. चौकशी नको. पण साठ्याचा आदेश मी नुसत्या फोनवर रद्द करू शकत नाही. सिस्टीममध्ये कातळखोलसमोर शून्य आहे. मला तिथे वापर दिसला पाहिजे."

"मी आत्ता माझ्या लॅपटॉपवरून भरते."

"तुमचा लॅपटॉप संध्याकाळी तुमच्याबरोबर जाणार. पुढच्या शनिवारी परत शिरवड्याला फोन? तिथल्या संगणकावरून, तेंडोलकरांच्या हातून, कातळखोलच्या नावाने एक नोंद. चारला माझं कार्यालय बंद होतं. दिसली तर आदेश रद्द. नाही दिसली तर मी बावीस नंबरचा नवा आदेश काढते आणि रुझार तीस कुप्या घेऊन खाली येतो. ड्रायव्हरला थांबायला सांगा."

रुझारला सांगितलं. "तुमी मोठी माणसां काय तां बघून घेवा," तो म्हणाला. "मी थंय फणसाखाली बसतंय. बर्फ तेवढो फ्रिजात ठेवा."

दोन वाजून गेले होते. मी लॅपटॉपवर पान उघडलं आणि त्यातली हुशारी काढायला बसले. सुंदर उघडझाप करणारी तारीख काढली, तिथे साधे तीन चौकोन ठेवले. औषधाचं नाव दोन अक्षरं लिहिताच सुचवणारी सोय काढली, तिथे लांबलचक यादी ठेवली. चित्राचं बटण काढून खरं बटण बसवलं, पंचवीस वर्षांपूर्वीच्या ब्राउझरलाही कळेल असं. एवढं करून ते सर्व्हरवर चढवायचं म्हणजे संगणकाची वायर काढून लॅपटॉपला लावायची, चढवायचं, वायर परत संगणकाला लावायची, आणि त्या संगणकाला इंटरनेट सापडेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचं.

चढवायच्या आधी सरांना विचारलं.

"चाचणी न करता थेट चालू पानावर?"

"चाचणी करायचाच संगणक माझ्यासमोर आहे, सर. असला तुमच्याकडे कुठे आहे?"

"सगळ्या अडतीस केंद्रांना हे कुरूप पान दिसेल."

"फक्त जुन्यांना दिसेल. नव्यांना नवंच. आणि ते सोमवारचं पांढरं पान थांबवा. अद्ययावत करा म्हणून सांगायचं आणि अद्ययावत करता येणार नाही असा संगणक द्यायचा, ह्याला काही अर्थ नाही."

"तू मला अर्थ शिकवू नकोस. चढव," ते म्हणाले.

पहिल्यांदा पान उघडलं तेव्हा सगळं मराठी प्रश्नचिन्हांत आलं. अक्षरं कोणत्या पद्धतीने वाचायची, हे मी ब्राउझरला सांगायला विसरले होते. वायर काढली, लावली, परत काढली. दुसऱ्यांदा बटण दिसलं, पण चार शोधपट्ट्यांमुळे ते पडद्याच्या खाली गेलेलं आणि खाली सरकायची सोय मीच सौंदर्यासाठी बंद केलेली. तेंडोलकर बाजूला उभे राहून प्रत्येक वेळी, "झालं?" म्हणून विचारत होते. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी म्हणाले, "तेंडोलकर, तुम्ही जरा त्या शोधपट्ट्या काढून टाका बरं."

"त्या काढल्या तर चालतं? मला वाटलं त्या सरकारी आहेत."

सव्वातीनला वीज गेली. संगणकाला बॅटरी होती, पण इंटरनेटच्या डबीला नव्हती. रुझार फणसाखालून उठून दारात आला, घड्याळाकडे बघितलं आणि परत गेला. तेंडोलकर खुर्चीत बसून राहिले. "मॅडम, खरं सांगा," ते म्हणाले, "मी बाबलकडे टाकायला दिलं, ते चुकलं का?"

"चुकलं."

"मग काय करायचं होतं? पत्रं लिहिली. फोन केले. नीट दाबा म्हणाले. बाई इथे दारात, तोंडातून रक्त येतंय, आणि मी बटण दाबत बसू?"

मी इंटरनेटच्या डबीची वायर काढून परत खोचून पाहिली. पावणेचारच्या आत वीज आली. डबीवरचे दिवे एकेक करून लागले. शेवटचा हिरवा लागायला सर्वांत जास्त वेळ लागला. पान उघडलं. ते सर्वार्थाने कुरूप होतं: करडी पार्श्वभूमी, काळी अक्षरं, चौकोनी खोके. पण सगळं मराठीत होतं आणि बटण दिसत होतं.

"भरा," मी म्हणाले. "हळू भरा, पण भरा."

तेंडोलकरांनी एका बोटाने भरलं. स्त्री. छत्तीस. सर्पदंश, फुरसे. मंगळवारची तारीख. बॅच बावीस. कुप्या दहा. मधेच थांबून म्हणाले, "बाबलला सांगायला हवं, त्याने मघाचं काढून टाकायला."

"ते नंतर. दाबा."

त्यांनी माउस उचलून परत ठेवला, बाण बटणावर नेला आणि दाबलं. पान पांढरं झालं. पांढरंच राहिलं. तेंडोलकरांचं बोट पुन्हा खाली जायला लागलं, तेव्हा मी त्यांचा हात धरला. दुसऱ्यांदा दाबलं असतं तर वीस कुप्या झाल्या असत्या. मग वरून खाली, ओळीमागून ओळ, पान उतरलं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं: नोंद झाली.

मी फोन लावला. पाटकरमॅडम म्हणाल्या, "बघते," आणि रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. दूरवर त्यांनी कोणाला तरी खिडकी लावायला सांगितलं. मग त्या परत आल्या. "कातळखोल, दहा. दिसलं. रुझारला द्या."

रुझारने ऐकून घेतलं, "बरां," म्हणाला, फ्रिजमधला आपला बर्फ काढून खोक्यात भरला आणि आदेशाच्या कागदावर 'रद्द' असं लिहून त्याखाली तेंडोलकरांची सही घेतली. "तुमी खाली येतास?" त्याने मला विचारलं. "एस.टी. गेली तुमची."

मी जीपमध्ये बसताना तेंडोलकर दारापर्यंत आले. आभार वगैरे काही मानले नाहीत. "ते पान कुरूप आहे हां मॅडम," ते म्हणाले. "ते बदलू नका आता."

ह्याला आता आठ वर्षं झाली. त्या सोमवारी सरांनी पांढरं पान लावलं नाही. कच्ची नोंद त्यांनी रविवारीच काढली होती आणि आकडा मला न बोलता पाठवला होता: अडतीस केंद्रांपैकी अकरा केंद्रं जुन्या ब्राउझरवर होती, त्यातली दहा आमच्या गणकाने कधीच पाहिलेली नव्हती. त्या दहांपैकी सहा जणांचं कोणी ना कोणी दुसरीकडून भरत होतं. उरलेली चार भरतच नव्हती.

कातळखोलला आठवड्याभरात आणखी दहा कुप्या गेल्या, ह्या वेळी कातळखोलच्याच नावाने, आणि तिथला साठा परत चाळीस झाला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कॉजवे पाण्याखाली गेला आणि सप्टेंबरपर्यंत बहुतेक काळ तसाच राहिला. तेवढ्या काळात वरच्या गावांतून फुरसं चावलेले चार रुग्ण दवाखान्यात आले आणि चारही घरी गेले. रस्ता उघडल्यावर तेंडोलकरांनी भरलेल्या नोंदीप्रमाणे फ्रिजमध्ये तीन कुप्या शिल्लक होत्या.